ब्रिजिडबाईचं हळदीकुंकू

आयरिश लोकांचं सगळं आपल्यासारखंच असतं, फक्त त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं, असं माझ्या आईचं मत आहे. हे मत तिनं एकाच आयरिश माणसावरून बनवलंय. ते माणूस म्हणजे आमची भाडेकरू.

सिंगापुरात, आमच्या क्लेमेंटीत, भाडेकरू शोधावे लागत नाहीत. विद्यापीठ जवळ, बस दाराशी, एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पायी जाण्यासारखी. 'एक खोली द्यायची आहे' असं नुसतं मनात आणायचा अवकाश, लिफ्टमधून कुणीतरी बॅग ओढत बाहेर पडतंच. आमच्याकडे ही पडली. तिशीची, तांबूस केसांची, समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करणारी. आल्या आल्या तिनं आमच्या फ्रिजमध्ये शेवाळाच्या बाटल्या ठेवल्या आणि माझ्या नवऱ्यानं त्यातली एक पालकाचा रस समजून पिऊन टाकली. ती पोर रडायच्या बेताला आली. नवऱ्याच्या काळजीनं नव्हे, बाटलीच्या. नवरा म्हणाला, "चव बरी होती, मीठ कमी होतं." तेव्हापासून ती घरातलीच झाली.

जानेवारीत आई आली कराडहून. बाबा जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि त्यानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. आई हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. तिचं इंग्रजी अजूनही व्याकरणाच्या पुस्तकातून इस्त्री करून काढल्यासारखं येतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं भाडेकरणीचं एक वाक्य दुरुस्त केलं. त्या पोरीची मातृभाषा इंग्रजी, पण तिनं निमूटपणे 'सॉरी' म्हटलं. दोघींची गट्टी जमली ती तिथं.

आता मूळ भांडणाकडे येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सिंगापुरातल्या मराठी बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: सवाष्ण बाया जमतात, एकमेकींना हळदकुंकू लावतात, तिळगूळ वाटतात, आणि यजमानीण सगळ्यांना एकेक वस्तू देते, त्याला वाण म्हणतात. सगळ्यांचे शनिवार-रविवार आधीच गेलेले, म्हणून मला मिळाली एकतीस जानेवारीची संध्याकाळ, मधलाच वार. वाण म्हणून मी एमआरटीचं कार्ड ठेवायची पाकिटं आणली होती, पैठणीच्या काठाची. स्वतःवर जाम खूश होते.

आईला म्हटलं, "तू कुठली साडी नेसणार?"

"मी? मी आतल्या खोलीत बसेन. मला तिळगूळ आत आणून दे."

"का म्हणून?"

"का म्हणून काय? तुला माहीत नाही?"

माहीत होतं. म्हणूनच माझं डोकं सणकलं. माझं घर, माझा हॉल, माझी आई. आणि माझी आई दार लावून आत बसणार, का, तर तिचा नवरा हार्ट अटॅकनं गेला. जणू तिनंच अटॅकला पत्ता दिला होता. बाबा असताना ही बाई आमच्या आळीतल्या हळदीकुंकवाची राणी होती. उखाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, नेहमीचा एक सांगून झाला की तिथल्या तिथे नवा रचायची. आणि आता म्हणे आत बसेन.

मी म्हटलं, "आई, आजकाल सगळीकडे बोलावतात. कराडलासुद्धा बोलावतात."

"बोलावतात. आणि लावताना त्यांचा हात अर्ध्यात थांबतो. मी बघितलाय तो हात. मला नाही परत बघायचा."

उत्तर सुचलं नाही की मी ओरडते. मी ओरडले, हळदीकुंकू रद्द करते म्हणाले. ती म्हणाली, रद्द केलंस तर मी पुढच्या विमानानं परत. आणि आई एकदा बोलली की बोलली. झालं, घोडं तिथंच अडलं.

मग मी चोआ चू कांगला राहणाऱ्या काकूंना फोन लावला. या काकू आमच्या कुणाच्याच सख्ख्या काकू नाहीत, पण सिंगापुरात येऊन त्यांना इतकी वर्षं झालीत की प्रथेच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे हायकोर्ट. गणपतीत दूर्वा मिळाल्या नाहीत तर काय चालतं, हॉकर सेंटरमध्ये खाल्लं तर एकादशी मोडते का, हे सगळं काकू फोनवर सांगतात. मी विचारलं, "काकू, आई हॉलमध्ये बसली तर?"

काकू म्हणाल्या, "बसू देत की. मला काय? पण त्यांनाच अवघडायला होईल गं. त्यांच्या मनाविरुद्ध नको."

म्हणजे प्रश्न पुन्हा आईच्याच पदरात. असल्या शहाणपणाचा मला इतका राग येतो ना! कुणी नाही म्हणत नाही, कुणी ये म्हणत नाही, आणि बाई आपली आत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी भाडेकरीण डायनिंग टेबलाशी आली आणि चाचरत म्हणाली की एकतीस तारखेला तिला घरात एक छोटंसं काहीतरी करायचंय. तिच्या गावी दरवर्षी करतात. ती पहिल्यांदाच या दिवशी घरापासून लांब होती. "दहा मिनिटं लागतील. मेणबत्ती नाही, धूर नाही," ती म्हणाली. सिंगापुरात राहून भाडेकरू एवढं तरी शिकतात.

"कसला दिवस आहे?" आईनं विचारलं. आई शेंगा सोलत होती.

सेंट ब्रिजिडचा. एक फेब्रुवारी हा तिचा सण, पण खरी गंमत आदल्या संध्याकाळी. आयर्लंडमध्ये त्या दिवसापासून वसंत ऋतू धरतात. बाहेर थंडीनं माणसं गारठलेली असतात, पण यांच्या हिशेबी वसंत. अलीकडे सरकार सुट्टीसुद्धा द्यायला लागलंय. आणि ही संत व्हायच्या आधी त्याच नावाची एक देवी होती, म्हणे. अग्नीची, कवितेची, लोहारकामाची. मेंढ्यांना दूध उतरायचं तेव्हा तिचा उत्सव असायचा. मग चर्च आलं, आणि देवी गेली की तीच संत झाली, यावर तिथले विद्वान अजून भांडतात.

"त्यात भांडायचं काय?" आई म्हणाली. "आमच्या गावच्या म्हसोबाचं असंच झालं. पुढे बोल."

पोर पुढे बोलली. ब्रिजिडची आई दासी होती. दुधाचं भांडं घेऊन घरात शिरत होती, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि तिथंच ब्रिजिड जन्मली. ना घरात, ना बाहेर. तिला दूध पचायचं ते फक्त पांढऱ्या गाईचं, लाल कानांच्या. मोठी झाल्यावर तिनं राजाकडे मठासाठी जागा मागितली. राजा नाही म्हणाला. मग ती म्हणाली, माझी ही शाल झाकेल तेवढी तरी दे. तो हसून हो म्हणाला, आणि शाल पसरत पसरत कोसभर गेली.

"वामन!" आई म्हणाली. शेंगेचं टरफल तिनं बळीराजाच्या दिशेनं भिरकावलं. ते माझ्या चहात पडलं.

आणि ब्रिजिडनं म्हणे अंघोळीच्या पाण्याची बिअर केली होती. इथे माझ्या नवऱ्यानं सोफ्यावरून मान वर केली.

"आणि करायचं काय असतं?" आई.

ते असं. आदल्या संध्याकाळी घरातलं एक माणूस डोक्यावरून शाल घेतं, लव्हाळ्याची मोळी घेऊन बाहेर जातं आणि दार ठोठावतं. म्हणतं, गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतले सगळे म्हणतात, ये बाई, ये, तुझंच घर आहे. असं तीनदा. मग तिला आत घेतात, जेवतात, आणि त्या लव्हाळ्याचे क्रूस विणून दारावर लावतात. वर्षभर घराला आग लागत नाही.

आईचे हात थांबले. "अगं, ही तर गौर!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "दारात यायचं, आतून विचारायचं, पावलं उमटवत आत न्यायचं. हिच्या लोकांनी आपली गौर नेली गं!"

मी म्हटलं, गौर भाद्रपदात असते. आई म्हणाली, थंड देश आहे, पोचायला वेळ लागला असेल.

लव्हाळं आणायचं कुठून? पोरीनं कालव्याच्या कडेचं गवत हेरून ठेवलं होतं. मी तिला सांगितलं, बाई गं, इथे पार्कातलं पान तोडलंस तर दंड भरशील आणि तुझ्या इथं राहायच्या पासचं काय होईल ते तुझ्या ब्रिजिडलाच ठाऊक. शेवटी आई आणि ती बाजारात गेल्या आणि पांदानच्या पानांची ही मोठी मोळी घेऊन आल्या. लांब, हिरवीगार पानं, भातात टाकली की आंबेमोहोरासारखा वास सुटतो. बाजारवाल्या मावशींनी विचारलं, केक करणार का? आईनं आपल्या इस्त्रीच्या इंग्रजीत सांगितलं, "नाही, आम्ही एका संताच्या आगमनाची तयारी करत आहोत." मावशींनी चार पानं फुकट दिली आणि झुरळंही पळतात म्हणाल्या.

एकतीस तारीख उजाडली. नवऱ्याला मी जेवायला बाहेर हाकललं. सहा वाजता आई पांढरी, बारीक काठाची साडी नेसून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. मी ठिपके मोजत राहिले. बोलले असते तर रांगोळीत रडले असते.

बायका आल्या. नोव्हेनाहून एक डॉक्टर हॉस्पिटलातून तशीच धावत आली आणि तिनं लिफ्टमध्येच साडी नेसली, असं ती सांगते आणि आम्ही मानतो. चोआ चू कांगच्या काकू स्वतःचा चांदीचा करंडा घेऊन आल्या, कारण दुसऱ्याच्या करंड्यातल्या कुंकवावर त्यांचा विश्वास नाही. माझा हॉल भरला. हॉल तो केवढा, पण सिल्कच्या साड्यांना जागा लागते. भाडेकरीण पंजाबी ड्रेस घालून सगळ्यांना तिळगूळ देत 'गोड बोला' म्हणत होती, आणि ते इतक्या गंभीरपणे की बायका खरोखरच दबक्या आवाजात बोलायला लागल्या.

अंधार पडला तशी ती माझ्या कानाशी आली. अडचण झाली होती. आत बसणाऱ्यांनी काय म्हणायचं हे एकट्या तिलाच येत होतं, म्हणजे तिला हॉलमध्ये राहणं भाग. मग बाहेर ब्रिजिड कोण होणार? मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला विचारलं.

"पाइसे ला, मम्मा," ती म्हणाली. म्हणजे लाज वाटते. "कॉरिडॉरमध्ये माझे फ्रेंड्स असतात. नो वे." आणि स्वयंपाकघरात जाऊन लपली.

बायकांपैकी कुणाला उठवावं तर सगळ्यांच्या ओटीत बोरं आणि उसाचे करवे. भाडेकरणीनं हॉलभर नजर फिरवली, आणि तिला रिकामं एकच माणूस आठवलं. मी तोंड उघडायच्या आत ती आतल्या खोलीचं दार ढकलून गेली. तिला काय माहीत कोण कुठे का बसलंय?

मी मागोमाग गेले. आई पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती, उलटं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "होईन की. त्यात काय!"

मी बघतच राहिले. हळदीकुंकवाला हॉलमध्ये यायचं नाही, पण परदेशी संत व्हायला एका पायावर तयार!

"पण बाहेर जाऊ कशी?" ती म्हणाली.

खरंच की. आमच्या फ्लॅटला मागचं दार नाही. इथल्या कुठल्या सरकारी एचडीबी फ्लॅटला असतं? बाहेर जायचं तर हॉलमधूनच, करंडा, समई, वाणाची परात आणि सिल्कची ती सगळी गर्दी ओलांडून. आई म्हणाली, त्यांच्यामधून मी जाणार नाही. मी म्हटलं, मग खिडकीतून जा, अकरावा मजला आहे. भाडेकरीण बिचारी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. तिला वाटलं, हाही विधीचा भाग असावा. मग तिनंच तोडगा काढला. "त्या सगळ्यांनी डोळे मिटले तर?"

मी बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या आणि जाहीर केलं की आता आयरिश कार्यक्रम आहे, ब्रिजिड बाहेर जाताना तिला बघायचं नसतं, सगळ्यांनी डोळे घट्ट मिटा. प्रथा म्हटलं की आमच्या बायका प्रश्न विचारत नाहीत. काकूंनी तर दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले आणि शेजारणीला बजावलं, "फटीतून बघू नको."

आई निघाली. डोक्यावरून भाडेकरणीची लोकरीची शाल, नाकापर्यंत ओढलेली. एका हातात पांदानची मोळी, दुसऱ्या हातात चपला, आवाज होऊ नये म्हणून. ती भिंतीला धरून, साड्यांचे पदर चुकवत, एकेक पाऊल टाकत गेली. एवढ्या बायका डोळे मिटून बसलेल्या आणि त्यांच्यामधून माझी आई चोरासारखी जातेय, माझ्याच घरात. माझे एकटीचे डोळे उघडे होते. हसू येत होतं आणि त्याच वेळी असं वाटत होतं की हातातली परात भिंतीवर फेकून मारावी. ती जाळीच्या दाराबाहेर गेली. मी दार लावलं.

पहिली थाप पडली. "गो ऑन युअर नीज!" आई बाहेरून म्हणाली. वर्गात म्हणायची तसाच आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "ओपन युअर आइज! अँड लेट ब्रिजिड इन!"

भाडेकरणीनं बायकांना गुडघ्यावर बसवलं आणि उत्तर शिकवलं, मी ते मराठीत करून दिलं. आता सिल्कच्या साडीत, ओटीत बोरं घेऊन गुडघे टेकणं काय असतं ते करून बघा. डॉक्टरीण कुल्ल्यावर आपटली. बोरं सोफ्याखाली गेली. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "ये बाई, ये, तुझंच घर आहे!"

दुसरी थाप पडायच्या ऐवजी बाहेर बोलणं ऐकू आलं. समोरच्या चिनी आँटी त्यांच्या नव्या वर्षाच्या साफसफाईतून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन निघाल्या होत्या. त्यांना काय दिसलं, तर शेजाऱ्यांच्या बंद दारासमोर एक म्हातारी, डोक्यावरून शाल, हातात पांदान.

"आय्यो आँटी, लॉक्ड आउट आ?"

"नाही," आई म्हणाली. "मी आत येण्याची परवानगी मागत आहे."

"युअर डॉटर डोन्ट लेट यू इन, आ?"

"त्या विचार करत आहेत."

आँटींनी आमच्या दारावर जी थाप मारली, ती ब्रिजिडच्या वाट्याची दुसरी धरावी लागली. "ओपन ला! युअर मदर, लेह! सो बॅड!" आत बायकांनी पुन्हा एका सुरात म्हटलं, "ये बाई, ये, तुझंच घर आहे!" पण दार कुणी उघडलं नाही, कारण अजून एक थाप बाकी होती. आँटींनी आमच्याविषयी काय ठरवलं असेल ते असेल. वर्तमानपत्रं खाली ठेवून त्या आईच्या बाजूला उभ्या राहिल्या, सोबतीला.

आत काकूंच्या अंगात आलं होतं. अंगात म्हणजे तसं नव्हे. पण कुणीतरी देवीसारखं दारात आलंय, बाहेर ताटकळतंय, आणि या सगळ्या नुसत्या बघत बसल्यात, हे त्यांना सहन होईना. "अगं, पाय धुवायला दूध आणा! कुंकू आणा! गौर काय अशी कोरडी आत घेतात?" कुणीतरी फ्रिजमधून दुधाचा खोका आणला. काकूंनी तो काखोटीला मारला, करंडा उघडला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

तिसरी थाप. "ये बाई, ये, तुझंच घर आहे!" काकूंनी दार उघडलं, जाळी सरकवली, आणि शालीखाली हात घालून कपाळावर कुंकू लावून टाकलं. ठसठशीत, न अडखळता. मग त्या गुडघ्यावर बसल्या आणि दुधाची धार पायांवर धरली. हे सगळं इतक्या झपाट्यानं झालं की मी जागची हललेसुद्धा नाही. खरं सांगू? हलता आलं असतं. मी हलले नाही.

काकू पाय चोळत होत्या. चोळता चोळता त्यांची बोटं थांबली. त्या पायांत जोडवी नव्हती. बोटांवर जोडव्यांच्या जागा तेवढ्या होत्या, जन्मभराच्या दाबानं बसलेल्या, पांढुरक्या. काकूंना वाटत होतं, शालीखाली माझी मुलगी आहे; तिचे पाय असे कुठून असणार? काकूंनी मान वर केली.

आईनं शाल मागे घेतली.

दूध खोक्यातून लादीवर चाललं होतं, ते कुणी थांबवेना.

"मला वाटलं, पोर म्हातारीचा आवाज काढतेय," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला होता.

कुणीतरी पुटपुटलं, आता काय करायचं? कुणीतरी म्हटलं, पुसून टाकायचं का? दुसरी म्हणाली, लावलेलं कुंकू पुसतात का कधी, अशुभ! तिसरी म्हणाली, पण त्या तर... आणि थांबली. मी, जी एवढ्या तेवढ्यावरून ओरडते, ती नुसती परात धरून उभी.

काकूच सावरल्या. हायकोर्टच ते. त्यांनी भाडेकरणीला दारातूनच विचारलं, "ही तुमची ब्रिजिड, हिचं लग्न झालेलं होतं का?"

"नाही, नाही," ती घाबरून म्हणाली. "नन होती. लग्न करावं लागू नये म्हणून तिनं स्वतःचा डोळा काढून टाकला, अशी गोष्ट आहे. नंतर तो बरा झाला."

"म्हणजे कुमारिका!" काकूंनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला. "अहो, कुमारिकेला कुंकू चालतं. कुमारिकेला तर बोलावून लावतात. मी कुठं यांना लावलं? मी ब्रिजिडला लावलं!"

"हो की!" "खरंच की!" हॉलभर साड्या सळसळल्या. सगळ्यांना इतकं हलकं वाटलं की एकीनं तिळगूळसुद्धा तोंडात टाकला.

"ग्रँडमा इज सेव्हंटी, ला," माझी मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली. "हाऊ कॅन?" तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आई उंबऱ्यावर होती. एक पाय दुधात, एक अजून कॉरिडॉरमध्ये, मोळी कडेवर. तिच्यामागे चिनी आँटी. आई शांतपणे म्हणाली, "ब्रिजिडचं मिटलं. छान झालं. आता माझं काय ते सांगा."

बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ बघायला लागल्या.

"ती उद्या जाईल. मी राहणार आहे. तुम्ही सगळ्या आता तीनदा म्हणालात, ये बाई, तुझंच घर आहे. ते तिला म्हणालात ना? माझ्या लेकीच्या घरात डोळे मिटून घेता, तेव्हा मला जाता येतं. मला माझ्या नवऱ्याची रोज आठवण येते हो. कुंकू लावलं म्हणून ती कमी होणार नाही, आणि नाही लावलं म्हणून तो येणार नाही. पण आत बसून बसून मला कंटाळा आलाय."

एवढं बोलून तिनं शालीचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं. दोनदा, खसखसून. कुणीतरी 'अगं बाई' म्हणून तोंडावर हात ठेवला.

"हे तिचं होतं," आई म्हणाली. "मला लावायचं असेल तर मला बघून लावा. नसेल तर तसं सांगा, मी आत जाते. डोळे मिटू नका मात्र."

आणि तिनं काकूंकडे बघितलं. मला कळत होतं ती काय बघतेय. ती हात बघत होती.

काकू दुधात गुडघे टेकून होत्या. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दाराची चौकट धरून पुन्हा बघितलं, तेही जमलं नाही. मग त्यांनी उठायचा नाद सोडला. कुंकवात बोट बुडवलं आणि हात सरळ वर केला, जेवढा जाईल तेवढा. आईच्या कंबरेपर्यंतच पोचला. पण मधे कुठं थांबला नाही.

"मला उठता येत नाहीये हो," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या आईकडे टक लावून बघत होत्या. "तुम्ही जरा खाली या ना."

आईनं मोळी चिनी आँटींच्या हातात दिली, आणि ती वाकली.